बासष्ट मैल बाकी

अकोल्याचं पत्र शनिवारी आलं आणि रविवारी सकाळी माणिकबाईंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. यंदाचा पोळा काही सरळ जायचा नाही, हे सत्यवतीने तेव्हाच ओळखलं. सासूबाईंची ती ट्रंक परगावी जायचं असल्याशिवाय हलत नसे, आणि गेल्या अकरा वर्षांत ती हललेली नव्हती.

पत्र माणिकबाईंच्या धाकट्या बहिणीचं, पार्बताबाईचं. म्हणजे सांगणारी ती, लिहिणारे तिचे शेजारी मास्तर. पाऊस, पऱ्हाटी, नातवाचा खोकला हे सगळं यथास्थित झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या: 'डोळ्यांनी आता माणूस ओळखू येत नाही. दसऱ्यापर्यंत टिकली तर टिकली नजर. माणकीला सांगावे, मोटार दाखवायची असेल तर लवकर दाखव.'

या दोन ओळींसाठीच बाकीचा कागद खर्ची पडला होता, हे सत्यवतीला वाचतानाच कळलं. माणिकबाईंना ऐकताना कळलं, आणि त्या उठून माळ्याकडे बघू लागल्या.

अकरा वर्षांपूर्वी, माणिकबाईंचे यजमान केशवराव यांनी नवी मोटार घेतली त्या साली, पार्बताबाई याच ओसरीवर बसून म्हणाली होती, "गोठ्यात बांधाले घेतली का मोटार? माह्या दारात उभी करून दाखव तं मानीन." त्यावर माणिकबाईंनी भरल्या ताटावरून सांगितलं होतं, "येईन तं मोटारीनंच येईन. नाई तं तुह्यी पायरी चढनार नाई." बडनेऱ्याहून अकोल्याला आगगाडी रोज जात होती. पार्बताबाईच्या दोन नातवांची बारशी झाली, एका नातीचं लग्न झालं. माणिकबाईंनी दर वेळी आहेर पाठवला, स्वतः गेल्या नाहीत. आणि मोटार अकोल्याकडे निघाली नाही.

ती का निघाली नाही, याला कारण एक पुस्तक. मोटारीबरोबर एक लहानसं इंग्रजी पुस्तक आलं होतं. धाकटा सहदेव तेव्हा इंग्रजी शाळेत होता. त्याने ते बापाला वाचून दाखवलं. हजार मैल झाले की इंजिनातलं तेल बदलावं, पट्टे-नळ्या तपासाव्या, सांध्यांना ग्रीस द्यावं. केशवरावांनी त्यातला हजाराचा आकडा तेवढा उचलला. हजाराच्या आत गाडी नवी, हजाराला गाडी जुनी, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. आणि नवी वस्तू नवीच ठेवायची हा त्यांचा जन्माचा धर्म. पावसाळ्यात काळी माती चाक सोडत नाही, म्हणून चार महिने, पोळ्याचा दिवस सोडून, मोटार काढायची नाही. पुढे कापूस वेचायला येतो, माणसांना सवड नसते, म्हणून चार महिने नाही. नंतर ऊन, रबर वितळेल, म्हणून चार महिने नाही. अशी बारा महिन्यांची चोख व्यवस्था त्यांनी लावली होती. पहिल्या हौसेचे धरून मैलाच्या घड्याळात अकरा वर्षांत नऊशे अडतीस झाले होते, आणि लोक जसा मुलाच्या वकिलीचा अभिमान सांगतात तसा केशवराव तो आकडा सांगत.

सोमवारी सहदेव अमरावतीहून नत्थुजी मिस्त्रीला घेऊन आला.

गोठ्यात सहा बैल, दोन म्हशी आणि शेवटच्या खुंट्याशी मोटार, अशी रांग होती. सत्यवती मागच्या दाराशी पदर पुढे ओढून उभी राहिली. वीस वर्षांत ती सासऱ्याशी समोरासमोर बोलली नव्हती. जे सांगायचं ते नवऱ्यामार्फत, नवरा नसला तर म्हशीमार्फत. म्हशीला म्हटलेलं केशवरावांना नेमकं ऐकू जाई.

मागच्या बसण्यावर एक कोंबडी अंडी उबवत होती. तिला उठवल्यावर ती सगळ्यांवर ओरडली. नत्थुजीने बॉनेट उघडलं, तेल पाहायची काडी ओढून काढली आणि दाराच्या उजेडात धरली. काडीला काकवीसारखं काळं काहीतरी चिकटलं होतं. ते गळेना.

"पाटील, तेल कवा बदललं होतं?"

"बदलाचं काहून?" केशवराव म्हणाले. "आत्ताशी नऊशे अडतीस झाले. हजाराले बासष्ट मैल बाकी हाय. पुस्तकात हजार लिवलं हाय."

"पुस्तक चालत्या गाडीचं हाय, पाटील."

"मंग हे कशाची हाय?"

"हे उभी हाय."

नत्थुजीने रबरी नळी दोन बोटांत दाबली. ती शेवेसारखी मोडली. खाली वाकून टायर पाहिले. त्यांच्या अंगावर वैशाखातल्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. पेट्रोलच्या टाकीत नाक घालून त्याने ते घाईने बाहेर काढलं. दर खेपेला केशवराव एकच उत्तर देत होते, "पन चालली किती? नऊशे अडतीस!" आणि थोरला रामराव बापाच्या मागे उभा राहून मान डोलवत होता.

मग नत्थुजी पंख्याच्या पट्ट्याशी आला आणि थांबला. त्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"हे पिवयं काय हाय?"

सगळ्यांनी रामरावकडे पाहिलं. शेवटी रामराव म्हणाला, "हयद."

"हयद?"

"अन् लोनी."

केशवराव मात्र लाजले नाहीत. "दरसाल पोयाच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे शेकतो का नाई आपुन? पयसाच्या पानानं लोनी-हयद लावतो. मोटार काय घरची नाई? बैल खांद्यानं ओढते, हे ह्या पट्ट्यानं ओढते. जू इथीच बसते."

मोटारीला खांदा कुठे असतो यावर पहिल्या साली घरात दोन दिवस वाद झाला होता, तो सत्यवतीला आठवला. रामराव म्हणत होता चाकापाशी, सहदेव म्हणत होता कुठेच नाही. केशवरावांनी इंजिन सुरू करायला लावून, तासभर निरखून, पट्ट्यावर बोट ठेवलं होतं. तेव्हापासून अकरा पोळे पट्ट्याला लोणी लागत होतं.

"अन् लोनी लावल्यावर मोटार वेशीपर्यंत मिरवाले नेत असान," नत्थुजी म्हणाला.

"नेतो ना."

"तापत असन."

"तापते. वेशीत गेली का वाफ सोडते. थकते बिचारी. म्हनून तं जास्त चालवत नाई तिले."

नत्थुजी गव्हाणीच्या कडेवर बसला. "पाटील, थे थकत नाई. पट्टा लोन्यानं घसरते. पट्टा घसरला का पंखा फिरत नाई, पंखा फिरला नाई का इंजन तापते. बैलाले लोनी लावलं तं खांदा नरम राह्यते. हिले लावलं तं चुलीवर ठेवल्यासारखं होते."

गोठ्याच्या दारातून माणिकबाईंचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं.

"म्हंजे अकरा वर्सं माह्या बहिनीची भेट लोन्यावरून घसरून राह्यली?"

सहदेवला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं, पण केशवरावांनी ऐकलं. आणि इथेच काम बिघडलं. एरवी त्यांनी निदान मिस्त्रीचं ऐकून तरी घेतलं असतं. हसणं ऐकल्यावर त्यांनी पाय रोवले.

"मिस्त्री, अकोला किती मैल इथून?"

"बासष्टच्या आसपास भरन."

"मंग झालं! अकोल्याच्या दारात हजार भरते. तिथी काय मिस्त्री नाई का? तिथी तेल बदलू, तिथीच रबराच्या नया बदलू. पुस्तकाबरहुकूम."

"पन तिथी पोचाले तं पायजे. हे बडनेऱ्याच्या पुढं जात नाई."

"हजाराच्या आधी एक बोल्ट हालनार नाई," केशवराव म्हणाले आणि खडावा वाजवत निघून गेले.

नत्थुजीने हात पुसले. "मी चारच्या सर्व्हिस मोटारीनं वापस जातो. आज काम धरलं तं पोयापर्यंत गाडी उभी करून देतो. आज नाई तं मले दसऱ्यापर्यंत सवड नाई. नवे टायर तवा भेटतीन का नाई, तेही सांगता येत नाई, लढाई लागली हाय."

दसऱ्यापर्यंत. पत्रातही दसराच होता. माणिकबाई आत गेल्या आणि ट्रंकेत ठेवलेलं जांभळं इरकली लुगडं त्यांनी बाहेर काढून पुन्हा दोरीवर टाकलं. सत्यवतीने ते पाहिलं. सासूबाई भांडल्या असत्या तर तिला काळजी वाटली नसती.

तिने स्वयंपाकघरात जाऊन चुलीत लाकूड सारलं आणि माणसं एकेक करून तपासायला घेतली. कोण कशासाठी कुठे उभं आहे हे तिला आठवड्याच्या धान्यासारखं तोंडपाठ असे. कोणाच्या डब्यात खाली किडे आहेत, तेही.

सुरुवात नवऱ्यापासून. रामराव बापाच्या बाजूचा, असं सगळं गाव म्हणे. सत्यवतीला ठाऊक होतं की रामराव बापाच्या बाजूचा नाही, मोटारीच्या विरोधातला आहे. त्याला मोटार लागत असे. एकदा नांदगावला जाताना त्याने तिसऱ्या मैलावर जे केलं होतं, ते त्याच्या मते बायकोशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

तिने त्याच्या ताटात भाकरी वाढली.

"अवो, मोटार अकोल्याले गेली तं तुमी नका येऊ."

रामरावने घास थांबवला. "काहून?"

"बैल कोन पाहीन? पोयाचे दिवस हाय. आत्याबाईसंगं मी जातो. मामाजी अन् भाऊजी हायेतच. तुमच्यासारखा मानूस घरी पायजे."

रामरावने घास खाल्ला. थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं. "तसं पाह्यलं तं," तो म्हणाला, "मिस्त्री खोटं बोलून नाई राह्यला. रबराची नयी तं म्याही पाह्यली. मोडली."

एक माणूस वळला. आता दीर. सहदेवने मिस्त्री आणला तो आईसाठी, असं माणिकबाईंना वाटत होतं. पण मघाशी हात धुवायला पाणी देताना नत्थुजीने सत्यवतीला भोळेपणाने विचारलं होतं, "परतवाड्याचा किसनराव गाडी पाहाले कवा येते?" किसनराव मेळघाटात उतारू नेत असे. सहदेवच्या मनात मोटार त्याला विकून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायचं होतं. मोटार दुरुस्त होणार नसेल, तर आहे तशी द्यायची, पोळा झाला की.

ती त्याला मागच्या अंगणात गाठून म्हणाली, "भाऊजी, किसनरावजीले जेवाले कवा बलवाचं?"

सहदेव पांढरा पडला. "वयनी, मायपाशी बोलू नोका."

"मी काहून बोलू? मी म्हनतो, कोंबडी बसलेली गाडी किसनराव नेईन का अकोल्याले जाऊन आलेली नेईन?"

सहदेवने तिच्याकडे बघितलं. "तुमी कोनाच्या बाजूनं हाय, वयनी?"

"मी जेवन वाढनाऱ्याच्या बाजूनं हाय. टायर कोनते लागते ते मिस्त्रीले विचारून ठेवा."

दोन झाले. उरले केशवराव, आणि केशवरावांना एकाही माणसाने वळवल्याचं गावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. त्यांना वस्तूच वळवू शकत होत्या. सत्यवती सासऱ्यांच्या शिसवी पेटीपाशी गेली.

त्या पेटीत तळाशी त्यांचा गुलाबी जरीचा फेटा होता. रामरावच्या लग्नात त्यांनी तो एक दिवस बांधला, उतरवला, घडी घातली, आणि पुढच्या वीस वर्षांत सहदेवच्या लग्नालासुद्धा काढला नाही. मागल्या दिवाळीला पेटी उन्हात टाकताना सत्यवतीने त्या घडीला बोट लावलं होतं आणि लगेच काढून घेतलं होतं. तेव्हा ती कोणाला काही बोलली नव्हती. काही गोष्टी लागेपर्यंत झाकून ठेवायच्या असतात.

तिने फेटा परातीत ठेवला आणि माणिकबाईंच्या हाती दिला. "आत्याबाई, मामाजीले विचारा, अकोल्याले हाच बांधनार ना? तुमच्या बहिनीच्या दारात साधं मुंडासं कसं दिसन?"

केशवराव ओसरीवर हिशेबाने पान लावत होते. पार्बताबाईच्या दारात आपण कसे दिसू, हा प्रश्न त्यांना आवडला. त्यांनी चुना पुसला आणि फेटा हातात घेतला.

"असाच्या असा हाय," ते सगळ्यांना म्हणाले. "पाहा. वस्तू ठेवाले शिका जरासं. एकदाच बांधला म्या. एकदाच!"

आणि त्यांनी पहिली घडी उलगडली.

आवाज फार मोठा झाला नाही. कोरडं पान पायाखाली येतं तेवढाच. त्यांनी दुसरी घडी उलगडली, तीही तशीच गेली. तिसरीला त्यांनी श्वास धरला, हळूहळू, गर्भार म्हशीला हात लावावा तसं उलगडलं, आणि तरी ती गेली. मांडीवर हातभर लांबीचे गुलाबी तुकडे पडले. जर तेवढी शाबूत होती आणि तुकड्यातुकड्याला लोंबत होती.

"पन म्या तं एकदाच बांधला होता," केशवराव म्हणाले. या वेळी आवाज वेगळा होता.

दाराआडून उत्तर आलं. म्हशीला नव्हे, रामरावला नव्हे.

"म्हनूनच, मामाजी."

माणिकबाईंनी तोंडावर पदर धरला. सत्यवती एक पाऊल पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने सरळ केला, मागे घेतला नाही.

"तुमचं रोजचं मुंडासं पाहा. आठवड्याले धुतो, आठवड्याले बांधता. इरलं, पातय झालं, पन फाटलं नाई. याले कोनी हात नाई लावला, तं हे घडीतल्या घडीत सरलं. मोटारीचं बी तेच होऊन राह्यलं. तिले मैलांनी नाई खाल्लं. वर्सांनी खाल्लं."

केशवराव मांडीवरचे तुकडे एकेक करून गोळा करू लागले. सून पहिल्यांदा समोर बोलली याचा राग करावा की फेट्याचं दुःख करावं, हे त्यांना एकदम ठरवता येईना. आणि तेवढ्या वेळात राग निघून गेला.

"मिस्त्रीची मोटार किती वाजता हाय?" त्यांनी विचारलं.

"चारले."

"थांबवा त्याले."

नत्थुजी काही गेला नव्हता. सहदेवने त्याला आधीच टायरच्या मापात गुंतवून ठेवलं होतं.

गव्हाणीपाशी पुन्हा बैठक बसली. नत्थुजीने सांगितलं, आज तेल काढतो, बुधवारी नळ्या आणि पट्टा, शुक्रवारी टायर. पोळा रविवारी. सोमवारी कर, त्या दिवशी निघू नये. मंगळवारी निघा. "अन् याच्यापुढं, पाटील, मैल अन् महिने, दोन्ही मोजाचे. जे आधी भरन त्याले काम कराचं. सा महिन्याले एकदा तरी."

"सा महिने कोन ध्यानात ठेवन?" केशवराव म्हणाले. "मैलाले घड्याय हाय. महिन्याले काय हाय?"

"पोया अन् पाडवा," सत्यवती म्हणाली. एकदा समोर बोलल्यावर पुन्हा म्हशीकडे जाणं तिला आता उगीचच वाटलं. "पाडव्याले सालदार ठरवतो, तवा मोटारीचंही ठरवाचं. पोयाले बैलायचं करतो, तवा तिचं कराचं. अन् आठवड्याले एकदा, नांदगावच्या बाजाराच्या दिवशी, भाजीचे टोपले घेऊन जाऊन याचं. बसून राह्यली का आखडते."

नत्थुजीने तिच्याकडे पाहिलं. "बाईसाहेब, माह्याकडं गॅरेजात या तुमी. माह्या पोट्ट्यायले हेच समजत नाई."

केशवरावांनी हरकत एकच घेतली. दुरुस्ती झाल्यावर मोटार चालवून पाहायची नाही. चाक न फिरवता इंजिन ऐका. बासष्ट मैल अकोल्याला पुरले पाहिजेत, त्यातला एक इकडे-तिकडे झालेला चालणार नाही. नत्थुजीने हात जोडले आणि कबूल केलं.

शनिवारी संध्याकाळी खांदे शेकायची वेळ आली तेव्हा पुन्हा एक कठीण प्रसंग उभा राहिला. बैलांना ऊन पाण्याने शेकून झालं, लोणी-हळद लावून झालं, आणि केशवराव पळसाचं पान बुडवून मोटारीशी येऊन उभे राहिले. नवा काळा पट्टा समोर होता. त्यांचा हात वर गेला, खाली आला.

"एवढे दिवस लावलं," ते म्हणाले. "अन् आता नाई लावलं तं तिले काय वाटन?"

कोणी हसलं नाही. सहदेवसुद्धा नाही. सत्यवतीने चाकांवरच्या पत्र्याच्या दोन फुगीर कमानींकडे बोट दाखवलं. "मामाजी, खांदे तं हे हाय. पट्टा गया असन. पाहा ना कसे दिसते."

केशवरावांनी मान तिरकी करून पाहिलं. खरंच, समोरून मोटार मान खाली घातलेल्या बैलासारखी दिसत होती. अकरा वर्षं आपण गळ्याला लोणी चोळत होतो हे त्यांना पटलं, आणि त्यांनी दोन्ही कमानी मनसोक्त माखल्या. मग बैलांना म्हणायचं ते त्यांनी एकेका बैलापाशी जाऊन म्हटलं, आणि शेवटच्या खुंट्याशीही म्हटलं, "आज आवतन घ्या, अन् उद्या जेवाले या." मोटारीपाशी थोडं थांबून हळूच भर घातली, "अन् मंगयवारी अकोल्याले चला."

मंगळवारी पहाटे पाऊस झाला. गावापासून पक्क्या सडकेपर्यंत एक मैल काळी माती होती, आणि त्यात मोटार घालणं म्हणजे तिथेच खुंटा ठोकणं. तेव्हा चार बैल जुंपले. रामराव बैलांबरोबर चालला, चिखलातसुद्धा खुशीत. मोटारीत पुढे सहदेव आणि केशवराव, मागे जांभळ्या लुगड्यातल्या माणिकबाई आणि सत्यवती. सडक लागली, बैल सुटले, आणि केशवरावांनी चष्मा लावून घड्याळ पाहिलं.

"हे काय? नऊशे एकोनचायीस? अजून तं इंजन सुरू नाई केलं!"

"चाक तं फिरलं ना, बाबा."

"बैलायनं ओढलेला मैल मोटारीच्या नावावर? हे लबाड हाय घड्याय."

सहदेवने इंजिन सुरू केलं. ते पहिल्याच झटक्याला बोललं, आणि माणिकबाईंनी सत्यवतीचा हात धरला तो थेट बडनेरा येईपर्यंत सोडला नाही. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा नऊशे शहात्तर झाले होते. वाफ निघाली नव्हती. सहदेव मजेत गाडी हाकत होता; केशवराव आणि माणिकबाई पेंगत आहेत असं पाहून तो हळूच म्हणाला, "वयनी, बाबा पाडव्याचं मिस्त्रीले सांगून बसले. किसनरावले मी आता काय सांगू?"

"सांगा का मोटारीले बाजाराचा दिवस लागला," सत्यवती म्हणाली.

अकोल्यात पार्बताबाईच्या गल्लीत मोटार शिरली तेव्हा पोरं मागे धावली, बायका दारात आल्या. सहदेवने भोंगा वाजवला. पार्बताबाई काठी घेऊन बाहेर आली, एक हात डोळ्यांवर धरून. माणिकबाई उतरल्या. अकरा वर्षांचं वाक्य त्यांच्या ओठांवर तयार होतं.

पार्बताबाई पुढे आली. हाताने चाचपत मोटारीच्या कमानीला लागली. तिथे बासष्ट मैलांची धूळ लोण्यात बसून पिवळा गिलावा झाला होता. तिने बोटं चोळली, नाकाशी नेली.

"लोनी? हयद?" ती म्हणाली. "म्हंजे शेवटी बैल जुंपूनच आली ना माणके? मले वाटलंच होतं."

गल्लीतल्या बायका खळखळून हसल्या. माणिकबाईंचा चेहरा असा झाला, की सत्यवतीला वाटलं आता या उलट पावली बडनेऱ्याला चालत निघतात.

"बैल नाई वो, पार्बते, मोटार हाय! हे पाय, हे दार, हे बसनं..."

"मले दिसत नाई, बाई. तू म्हनते तं असन."

माणिकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. केशवराव पुढच्या जागेवर वाकून घड्याळ बघत होते. त्यात एक हजार पुरे भरले होते. पुस्तकाप्रमाणे आता इथून एक पाऊल पुढे जाता येत नव्हतं. आणि सहदेव, सत्यवती, दोघांनाही तेच जुनं 'पुस्तकात हजार लिवलं हाय' ऐकू येणार असं वाटलं.

केशवरावांनी चष्मा काढला.

"घड्याय हजार म्हनते," ते म्हणाले. "पन पयला मैल बैलायचा. थो धराचा नाई. नऊशे नव्व्यान्नव झाले. एक मैल बाकी हाय." मग बायकोकडे न पाहता, "बसव तुह्या बहिनीले. सहदेवा, फिरव एक मैल."

पार्बताबाईला मागे बसवलं. मधे माणिकबाई, कडेला सत्यवती. मोटार गल्लीतून निघून मोठ्या रस्त्याला लागली. वारा लागला, दोन्ही बहिणींचे पदर उडाले.

"कुठी चाललो वो आपुन?" पार्बताबाईने विचारलं.

"कुठीच नाई. बस नुसती."

मग पार्बताबाई बहिणीकडे वळली. "तुह्य कुकू वाकडं झालं, माणके," ती म्हणाली आणि एका बोटाने ते सरळ केलं. बरोबर मधोमध. चाचपावं लागलं नाही.

सत्यवती बाहेर बघू लागली. माणिकबाईंच्या ध्यानात आलं की नाही, ते तिने तपासलं नाही. पण त्यांनी बहिणीचा हात कपाळापाशीच धरून ठेवला होता आणि त्या हसत होत्या.

"पन बैल चांगले चालते वो तुह्ये," पार्बताबाई म्हणाली.

"हाव," माणिकबाई म्हणाल्या. "थकतच नाई."

पुढच्या जागेवर केशवराव घड्याळावर डोळे लावून बसले होते. मैल संपत आला तसं सहदेवने गाडी हळू केली आणि बापाकडे पाहिलं. केशवरावांनी घड्याळावर तळहात झाकला.

"चालू दे," ते म्हणाले.